अशिलामागून समुद्रापार

डॉक्टर परदेशी गेला तरी माणसाचे काळीज त्याला त्याच जागी सापडते. इंजिनिअरचा पूल कुठल्याही देशात त्याच गणिताने उभा राहतो. वकिलाचे तसे नाही. त्याचे ज्ञान सरहद्दीपाशी संपते. मुंबईच्या हायकोर्टात तीस वर्षे घालवलेल्या वकिलाला लिस्बनच्या कोर्टात साधी पुढची तारीख मागता येत नाही. तिथली भाषा वेगळी, कायदा वेगळा, आणि मुख्य म्हणजे तिथली सनद त्याच्याकडे नाही. तरीही आज एखाद्या बड्या लॉ फर्मची ऑफिसे चाळीसहून जास्त देशांत असतात. जो माल जागचा हलत नाही, तो घेऊन या पेढ्या जगभर कशा पोचल्या?

थोडक्यात उत्तर द्यायचे तर कायदा हलत नाही, अशील हलतो आणि वकील त्याच्यामागून जातो. पण हे उत्तर दिसते तितके निरुपद्रवी नाही. अशील म्हणजे कोण, त्याला जायला कुणी वाट करून दिली, आणि पोचल्यावर दारात कोण उभे होते, हे प्रश्न त्यातून निघतात. गेल्या दोनशे वर्षांत ते पुन्हा पुन्हा विचारले गेले, आणि त्यातले काही खुद्द मुंबईत विचारले गेले.

पोरबंदरची पेढी, नाताळचे कोर्ट

सुरुवात एका ओळखीच्या माणसापासून करू. १८९१ मध्ये लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेल्या मोहनदास गांधींचा मुंबईत जम बसला नाही. स्मॉल कॉज कोर्टातल्या पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही आणि त्यांनी फी परत केली. पुढे राजकोटला अर्ज लिहून देण्याचे काम ते करत होते. तेव्हा दादा अब्दुल्ला या पोरबंदरच्या मेमण व्यापारी पेढीकडून विचारणा आली. पेढीचा कारभार दक्षिण आफ्रिकेत होता आणि तिथे नात्यातल्याच एका व्यापाऱ्यावर चाळीस हजार पौंडांचा दावा चालू होता. एक वर्षाचे काम, १०५ पौंड फी, पहिल्या वर्गाचे जाण्यायेण्याचे भाडे. एप्रिल १८९३ मध्ये गांधी मुंबईहून निघाले.

त्यांना तिथल्या कायद्याचे काय ज्ञान होते? काहीच नाही. दावा ट्रान्सवालमध्ये होता, तिथे रोमन-डच कायदा चालत होता, आणि कोर्टात उभे राहायला पेढीकडे गोरे वकील होतेच. पण त्या वकिलांना गुजराती वह्या वाचता येत नव्हत्या. मेमण व्यापारी उधारी कशी ठेवतात, तोंडी शब्दाला किती किंमत देतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. गांधींनी तिथे जाऊन जमाखर्च शिकून घेतला, कागद लावले, भाषांतरे केली आणि अखेर दोन्ही पक्षांना लवादापुढे नेऊन प्रकरण मिटवले. अशिलाची भाषा आणि व्यवहार समजणारा माणूस परक्या कोर्टाच्या दारापर्यंत सोबत असणे, हीच त्यांची सेवा होती. आंतरराष्ट्रीय वकिलीचा गाभा आजही तोच आहे.

दुसरा धडा पुढच्याच वर्षी मिळाला. गांधींनी नाताळच्या सुप्रीम कोर्टात सनदेसाठी अर्ज केला, तेव्हा तिथल्या वकिलांच्या संस्थेने हरकत घेतली. वरवरचे कारण कागदपत्रांचे होते, खरे कारण कातडीच्या रंगाचे. कोर्टाने हरकत फेटाळली आणि सप्टेंबर १८९४ मध्ये सनद दिली. मात्र पगडी उतरवायला लावली. बाहेरून आलेला वकील आणि दारात उभी असलेली स्थानिक वकिलांची संघटना ही जोडी आपल्याला यापुढे अनेकदा भेटणार आहे. फक्त दरवेळी न्याय कुठल्या बाजूला आहे ते इतके स्पष्ट नसेल.

मुंबईचे अ‍ॅटर्नी

गांधी गेले त्याच्या कितीतरी आधी उलट दिशेची वाहतूक होऊन गेली होती. १८२३ च्या सनदेने मुंबईत सुप्रीम कोर्ट आले, १८६२ मध्ये हायकोर्ट. क्रॉफर्ड बेली ही पेढी आपली स्थापना १८३० ची सांगते, लिटल अँड कंपनी १८५६ ची. कापूस, जहाजे, गहाणखते, मृत्युपत्रे आणि पुढे गिरण्यांच्या कंपन्या हे त्या काळच्या अ‍ॅटर्नींचे काम. इंग्रज व्यापारी आले, त्यांच्यामागून त्यांचे वकील आले.

पण इथे एक फरक होता. गांधींना सनद मागावी लागली, यांना कुणाकडे मागायची नव्हती. कारण कोर्टही त्यांच्याबरोबर जहाजातूनच आले होते. हायकोर्टाच्या ओरिजिनल साईडवर लंडनच्या धर्तीची विभागणी होती. अशिलाने आधी अ‍ॅटर्नीकडे जायचे, अ‍ॅटर्नीने बॅरिस्टरला नेमायचे. मुंबईच्या व्यापाऱ्याला स्वतःच्या शहरातल्या मालमत्तेसाठी इंग्रजी कार्यपद्धतीतून आणि इंग्रजी फीमधून जावे लागे. परदेशी बाजारात पेढी वाढवण्याचा याहून सोपा मार्ग कुणाला मिळाला नसेल. बाजारच आपल्या नियमांचा करून घ्यायचा!

पुढे मात्र या पेढ्यांचा रंग बदलत गेला. वह्या, वारसाहक्क, देवस्थाने, एकत्र कुटुंबे हे सगळे समजणारी माणसे लागत, म्हणून देशी कारकून आले. कारकुनांमागून आर्टिकल्ड क्लार्क आले आणि त्यातून देशी अ‍ॅटर्नी झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला दिनशा मुल्ला आणि त्यांच्या भावाची पेढी उभी राहिली. ज्यांची कायद्याची पुस्तके आजही वकिलांच्या कपाटात असतात तेच हे मुल्ला. नंतर क्रेगी, ब्लंट अँड कॅरो ही इंग्रजी पेढी त्यांच्या पेढीत विलीन झाली. फोर्टमधल्या पाटीवर आज ही सगळी नावे एका ओळीत वाचायला मिळतात. नावे इंग्रजांची राहिली, आतली माणसे इथली झाली. दुहेरी पद्धतीची सक्ती १९७७ च्या आरंभी कायद्याने संपली, तरी सॉलिसिटरची परीक्षा मुंबईत अजून होते आणि अजून अवघड समजली जाते. बाहेरून लादलेली गोष्ट शंभर वर्षांत इतकी अंगवळणी पडली, की पुढे तिच्याच वारसांनी बाहेरच्यांना दारात अडवले.

शिकागो आणि काराकास

साम्राज्याच्या जहाजात न बसता परदेशी गेलेल्या पेढ्यांचा इतिहास मुख्यतः अमेरिकन आहे. न्यूयॉर्कच्या कूडेर ब्रदर्सने १८७९ मध्येच पॅरिसला ऑफिस उघडले. वडील फ्रान्सहून आलेले, घरात फ्रेंच बोलली जाई, त्यामुळे ते साहजिकही होते. पण परदेशी ऑफिस हा जोडधंदा न ठेवता तोच मुख्य धंदा करायचा, हा विचार शिकागोच्या रसेल बेकरचा.

बेकर न्यू मेक्सिकोत वाढला होता. १९२५ मध्ये त्याने शिकागोत वकिली सुरू केली, तीही शहरातल्या मेक्सिकन वस्तीतल्या लोकांची कामे घेत. स्पॅनिश अशिलांमुळे लॅटिन अमेरिकेचे कायदे त्याच्या डोक्यात घोळू लागले. अ‍ॅबट लॅबोरेटरीज ही औषध कंपनी त्याची अशील झाली आणि तिच्या परदेशातल्या कामांनी त्याला पुढची दिशा दिली. १९४९ मध्ये जॉन मॅकेन्झीबरोबर त्याने बेकर अँड मॅकेन्झी स्थापली आणि १९५५ मध्ये पहिले परदेशी ऑफिस उघडले ते लंडनला नव्हे, पॅरिसलाही नव्हे, तर व्हेनेझुएलातल्या काराकासला. अमेरिकन कंपन्यांचा पैसा तेव्हा तिथल्या तेलाकडे धावत होता.

बेकरचे वेगळेपण एका निर्णयात होते. शिकागोहून अमेरिकन वकील पाठवून त्यांच्याकरवी अमेरिकन कायदा विकण्यापेक्षा त्या त्या देशातले सनदधारक वकील घ्यायचे आणि त्यांनाच भागीदार करायचे. प्रतिष्ठित न्यूयॉर्की पेढ्यांनी नाके मुरडली. हॅम्बर्गरच्या दुकानांसारखी वकिलीची साखळी, अशी कुजबुज बरीच वर्षे चालली. पण प्रत्येक देशाच्या सनदेचा प्रश्न या पद्धतीने बराचसा सोडवला. १९९९ मध्ये या शिकागोच्या पेढीच्या अध्यक्षपदी पॅरिसच्या ऑफिसातली एक फ्रेंच वकील निवडून आली. तिचे नाव क्रिस्तिन लगार्द. पुढे ती फ्रान्सची अर्थमंत्री, नाणेनिधीची प्रमुख आणि युरोपीय मध्यवर्ती बँकेची अध्यक्ष झाली. मुंबईत देशी माणूस इंग्रजी पेढीच्या पाटीवर यायला पिढ्या लागल्या, बेकरच्या पेढीने ती गोष्ट पहिल्यापासून धोरण म्हणून स्वीकारली.

कागद फिरू लागतो

लंडनच्या पेढ्यांचा मार्ग निराळा. १९६३ मध्ये इटलीच्या महामार्ग कंपनीसाठी दीड कोटी डॉलरचे कर्जरोखे निघाले. डॉलर अमेरिकेबाहेरचे, कंपनी इटलीची, काम जमवणारी बँक लंडनची. हे पहिले युरोबाँड. कागदपत्रे करणाऱ्यांत अ‍ॅलन अँड ओव्हरी ही लंडनची पेढी होती. एकदा असा मसुदा तयार झाला, की पुढच्याला तोच उपयोगी पडतो, त्याच्या पुढच्यालाही. हळूहळू असे झाले, की कर्ज देणारा एका देशातला, घेणारा दुसऱ्या देशातला, आणि करारावर मात्र 'इंग्लंडचा कायदा लागू राहील' हे वाक्य. किंवा न्यूयॉर्कचा.

इथे आपले सुरुवातीचे विधान थोडे दुरुस्त करावे लागते. जमिनीचा, लग्नाचा, गुन्ह्याचा कायदा जागचा हलत नाही हे खरेच. कराराचा कायदा मात्र दोन्ही पक्षांनी ठरवले तर निवडता येतो, आणि ज्याच्या हातात पैसा असतो तो निवडतो. म्हणजे पेढीबरोबर कायदाही प्रवास करू लागला, पण फक्त दोन शहरांचा.

इंग्लंडने यासाठी घरातली एक अडचण आधीच दूर केली होती. भागीदारीत वीसहून अधिक माणसे नकोत हे जुने बंधन १९६७ च्या कंपनी कायद्याने सॉलिसिटरांपुरते उठवले. त्यानंतर पेढ्या फुगत गेल्या. १९८७ मध्ये दोन मध्यम पेढ्या मिळून क्लिफर्ड चान्स झाली, २००० मध्ये तिने एक अमेरिकन आणि एक जर्मन पेढी जोडून घेतली. भारतात ही वीसची मर्यादा त्यानंतरही कित्येक वर्षे कायम होती. हा तपशील किरकोळ वाटेल, पण पुढच्या भांडणात तो महत्त्वाचा आहे.

गुहागर, लंडन आणि कलम २९

१९९१ नंतर भारतात परदेशी भांडवल येऊ लागले. त्यातला महाराष्ट्राला सर्वांत जवळून ठाऊक असलेला प्रकल्प गुहागर तालुक्यातला, एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीचा. डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाशी करार झाला. १९९५ मध्ये राज्यात सरकार बदलले आणि ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केल्याची घोषणा झाली. कंपनी लवादात गेली. तो लवाद कुठे बसणार होता? लंडनला. जमीन कोकणातली, वीज महाराष्ट्राची, बिल भरणार ते इथले ग्राहक, आणि वाद ऐकायचा तो टेम्सकाठी. करारात तसे लिहिले होते म्हणून. पुढे फेरवाटाघाटी झाल्या, १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये बंद पडली. तो सगळा इतिहास इथे सांगायचे कारण नाही. एवढेच लक्षात घ्यायचे, की कराराचे मसुदे कोण करतो हा प्रश्न फक्त वकिलांच्या पोटापाण्याचा नसतो.

याच वर्षांत व्हाइट अँड केस, चॅडबोर्न अँड पार्क आणि अ‍ॅशर्स्ट या तीन परदेशी पेढ्यांना रिझर्व्ह बँकेने भारतात संपर्क कार्यालये उघडायची परवानगी दिली. परवानगी होती परकीय चलन नियमन कायद्याच्या, म्हणजे 'फेरा'च्या, कलम २९ खाली. १९९५ मध्ये लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेने मुंबई हायकोर्टात याचिका दाखल केली. तिचा आधार होता १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, आणि योगायोग असा, की त्यातलेही कलम २९ च. भारतात वकिली करण्याचा हक्क फक्त इथल्या सनदधारक अ‍ॅडव्होकेटला, असे ते कलम सांगते.

पेढ्यांचे म्हणणे होते, आम्ही कोर्टात उभे राहतच नाही. आम्ही सल्ला देतो, मसुदे करतो, ती 'वकिली' नव्हे. प्रश्न वरवर शब्दार्थाचा वाटतो. पण आधुनिक लॉ फर्मचा बहुतेक पैसा कोर्टाबाहेरच मिळतो, हे लक्षात घेतले म्हणजे सगळा बाजारच या एका शब्दावर टांगलेला होता हे कळते. चौदा वर्षांनी, डिसेंबर २००९ मध्ये, हायकोर्टाने निकाल दिला: कोर्टातले काम आणि कोर्टाबाहेरचे काम, दोन्ही वकिलीच. दोन्हीला सनद हवी. रिझर्व्ह बँकेने परवानगी द्यायला नको होती.

विरोध कशासाठी होता? दोन गोष्टी त्यात मिसळल्या होत्या आणि त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. एक रास्त तक्रार होती. भारतीय पेढीला भागीदार वीसच, जाहिरातीला बंदी, आणि समोर हजारो वकिलांची परदेशी पेढी. असा सामना बरोबरीचा नव्हता. शिवाय भारतीय वकिलाला लंडन-न्यूयॉर्कमध्ये काम करायला व्हिसा आणि परीक्षा, मग त्यांना इथे मोकळे रान का? पण दुसरीही गोष्ट होती. बड्या देशी पेढ्या मोजक्या घराण्यांच्या हातात होत्या. तरुण वकिलाला त्यात भागीदारी मिळणे कठीण होते. दार बंद राहण्यात त्या घराण्यांचा फायदा होता आणि तो फायदा राष्ट्रहिताच्या भाषेत मांडता येत होता. नाताळच्या वकिलांनीही आपला फायदा नियमांच्याच भाषेत मांडला होता.

दार किलकिले

दार बंद असताना काम थांबले असे नाही, त्याने खिडकी शोधली. परदेशी वकील विमानाने येत, हॉटेलात बैठक घेत, परत जात. दुसरीकडे अमेरिकन पेढ्यांचे कागद वाचण्याचे, चाळण्याचे काम इथे येऊ लागले. मुंबईत २००४ मध्ये सुरू झालेली पांजिया थ्री ही त्यातली गाजलेली कंपनी, जी २०१० मध्ये थॉमसन रॉयटर्सने विकत घेतली. इथे शिकलेले कायदा पदवीधर रात्रपाळीला बसून परक्या देशातल्या खटल्यांची कागदपत्रे तपासत होते. लॉ फर्म भारतात येऊ शकत नव्हती, पण तिचे काम येऊ शकत होते आणि स्वस्तात होत होते.

मद्रास हायकोर्टाने २०१२ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने १३ मार्च २०१८ रोजी या वास्तवाला नियम घातला. वकिलीचा व्यापक अर्थ सुप्रीम कोर्टाने मान्य केला, म्हणजे मुंबईचा निकाल टिकला. पण क्वचित येऊन आपल्या देशाच्या कायद्यावर सल्ला देऊन जाणे म्हणजे इथे वकिली नव्हे, आंतरराष्ट्रीय लवादासाठी येणेही सरसकट बंद नाही, असे सांगितले. मार्च २०२३ मध्ये बार कौन्सिलने स्वतःच नियम काढले. परदेशी पेढीने नोंदणी करावी, कोर्टात जाऊ नये, भारतीय कायद्यावर काम करू नये, आणि तिच्या देशाने भारतीयांना तशीच मुभा दिलेली असावी. इतकी वर्षे दार धरून बसलेल्या संस्थेनेच ते थोडे उघडले.

दरम्यान इथल्या पेढ्याही बाहेर पडल्या होत्या. मुंबईच्या निशीथ देसाई असोसिएट्सने सिलिकॉन व्हॅली आणि सिंगापूरला ऑफिसे काढली, सिरिल अमरचंद मंगलदास सिंगापूर आणि अबू धाबीला गेली. तिथे त्या काय विकतात? भारतीय कायदा, भारतात पैसा गुंतवणाऱ्यांना आणि भारतातून बाहेर पडणाऱ्यांना. दादा अब्दुल्लांचे काम वेगळे काय होते?

परतीचा प्रवास

या इतिहासाला दुसरी बाजू परतीची आहे. पॅरिसला सर्वांत आधी गेलेली कूडेर ब्रदर्स दीडशे वर्षे पुरी करून बंद पडली. जगभर ऑफिसे होती, पण ती धरून ठेवणारा घरचा पाया राहिला नव्हता. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर बहुतेक बड्या पाश्चात्त्य पेढ्या मॉस्कोतून बाहेर पडल्या, त्यातल्या काही सोव्हिएत संघ असल्यापासून तिथे होत्या. २०१५ मध्ये चीनच्या दाचेंगशी हातमिळवणी करून डेंटन्स ही वकीलसंख्येने जगातली सर्वांत मोठी लॉ फर्म झाली, ती जोडी २०२३ मध्ये चीनच्या नव्या नियमांमुळे सुटली. हाँगकाँगची जॉन्सन स्टोक्स अँड मास्टर २००८ मध्ये अमेरिकेच्या मेयर ब्राउनला मिळाली आणि २०२४ मध्ये वेगळी होऊन आपल्या जुन्या नावावर परतली.

जाण्याचे जे कारण, तेच परतण्याचे. अशील निघाला की पेढीला तिथे काम उरत नाही. टिकून राहतात त्या मुंबईच्या इंग्रजी पेढ्यांसारख्या, ज्यांच्या आत स्थानिक माणूस इतका शिरला, की मूळचे मालक गेल्यावरही घर चालू राहिले.

म्हणून परदेशी पेढ्या याव्यात की न याव्यात, या वादात देशी-परदेशी हा मुद्दा मला दुय्यम वाटतो. गुहागरच्या ज्या लोकांनी एन्रॉनला विरोध केला आणि मार खाल्ला, त्यांचा वाद लंडनच्या लवादापुढे नव्हताच. करारात त्यांची सही नव्हती, म्हणून ते पक्षकार नव्हते. समुद्र ओलांडून अशिलामागे जाणारी वकिली ही फी देऊ शकणाऱ्याची वकिली आहे, मग पेढी शिकागोची असो की फोर्टमधली. बार कौन्सिलचे नियम कोणत्या वकिलाने यावे हे ठरवू शकतात. करारात ज्याचे नाव नाही पण वीजबिलात आहे, त्याच्या बाजूने मसुदा कोण वाचणार, हे त्यांत कुठेच लिहिलेले नाही. १९९३ मध्ये ते काम कुणी केले नव्हते, आणि त्याची किंमत सगळ्या महाराष्ट्राने मोजली.